ठाण्याचा ४००६०१ आणि वाशीचा ४००७०३ : मोठ्या संख्येचे गुण कसे ओळखावेत?

ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरातील वृत्तपत्रांत एक बातमी आली होती. अमेरिकेतील ल्यूक ड्युरँट या संशोधकाला आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली होती. २ ला २ ने गुणत जावे, असे एकूण १३,६२,७९,८४१ दुवे गुणाकारात घ्यावेत आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करावा, म्हणजे ती संख्या मिळते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पानावर तीन हजार अंक बसतात असे धरले, तरी ती छापण्यासाठी साडेतेरा हजारांहून अधिक पाने लागतील.

ही बातमी वाचून अनेकांनी दोन प्रश्न विचारले. एवढ्या प्रचंड संख्येविषयी कोणी काही खात्रीने कसे सांगू शकतो? आणि ते सांगून मिळते काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र चार कोटी अंकांच्या संख्येपासून सुरुवात केली तर वाचकाच्या हाती केवळ आश्चर्य लागते. म्हणून या लेखात आपण ठाणे आणि नवी मुंबईतील लोक रोज लिहितात अशा सहा अंकी संख्या घेऊ : ठाणे पश्चिमेचा ४००६०१, कळव्याचा ४००६०५ आणि वाशीचा ४००७०३ हे पिनकोड. एखाद्या संख्येचे गुण म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या आधारे पुरेसे स्पष्ट होते.

पिनकोड ही संख्या मानावी का?

पहिला आक्षेप इथेच येतो. पिनकोड हे केवळ नाव आहे. त्याने काही मोजले जात नाही. हे खरे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशात सुरू झाली आणि तिच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत आणि मराठीत लेखन करणारे अधिकारी होते. पहिला अंक विभाग दाखवतो आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय ठरवतात. ४००६०१ हा अंकसमूह निवडताना त्याच्या गणिती गुणांचा विचार कोणीही केलेला नव्हता, त्यामुळे पुढे जे दिसेल तो टपाल खात्याच्या दृष्टीने निव्वळ योगायोग आहे. परंतु एखादा अंकसमूह कशासाठीही वापरला गेला, तरी तो जी पूर्णांक संख्या दाखवतो तिचे गुण ठरलेलेच असतात. चार लाख सहाशे एक खुर्च्या कोणी मोजल्या काय किंवा पाकिटावर तो आकडा लिहिला काय, संख्या तीच राहते.

खुर्च्यांच्या रांगा आणि ११५ भागाकार

खुर्च्यांचेच उदाहरण पुढे नेऊ. सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम आहे आणि २४ खुर्च्या आहेत. त्या ४ रांगांत ६-६, ३ रांगांत ८-८ किंवा २ रांगांत १२-१२ अशा मांडता येतात आणि प्रत्येक वेळी आयत पूर्ण भरतो. खुर्च्या २३ असतील, तर मात्र एकच लांब रांग करावी लागते. दुसरी कोणतीही मांडणी केली की शेवटची रांग अपुरी राहते. २३ सारख्या संख्येला मूळ संख्या म्हणतात : १ पेक्षा मोठी आणि १ व स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग न जाणारी. २४ सारखी संख्या संयुक्त, म्हणजे लहान मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनलेली असते.

४००६०१ खुर्च्यांचा आयत होईल का? हे ठरवण्यासाठी चार लाख भागाकार करण्याची गरज नसते. आयत झाला तर त्याची एक बाजू दुसरीपेक्षा लहान किंवा तिच्याइतकी असणार आणि ती लहान बाजू या संख्येच्या वर्गमूळापेक्षा मोठी असू शकत नाही. ४००६०१ चे वर्गमूळ ६३२ आणि ६३३ यांच्या दरम्यान आहे. शिवाय ६ ने भाग जातो का हे वेगळे पाहावे लागत नाही, कारण ६ ने भाग जात असेल तर २ ने आणि ३ ने तो आधीच गेलेला असेल. म्हणून ६३२ पर्यंतच्या फक्त मूळ संख्या तपासल्या की पुरते. त्या ११५ आहेत.

मी हे ११५ भागाकार कागदावर केले आणि ज्यांना संख्यांची गोडी आहे त्यांनी एकदा तरी ते करून पाहावेत असे मनापासून वाटते, कारण त्यात संख्येशी जी ओळख होते ती यंत्राच्या उत्तरातून होत नाही. ३७ ने भागल्यास बाकी २ उरते. ४०१ ने भागल्यास भागाकार ९९९ येतो आणि पुन्हा बाकी २ उरते. ३७३ ने निःशेष भाग जाण्यासाठी केवळ १ कमी पडतो, आणि तो १ मिळवला की नौपाड्याचा ४००६०२ तयार होतो, जो ३७३ × १०७४ आहे. आणखी १ मिळवला की ठाणे पूर्वेचा ४००६०३ येतो. त्याला ३७९ ने भाग जातो आणि तो पूर्ण फोडल्यास ७ × १५१ × ३७९ असा मिळतो. पश्चिमेच्या ४००६०१ ला मात्र शेवटच्या ६३१ पर्यंत एकाही संख्येने भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे.

त्याच पद्धतीने पाहिल्यास वाशीची ४००७०३ हीदेखील मूळ संख्या निघते आणि घोडबंदर रस्त्याच्या मोठ्या भागाची ४००६०७ हीदेखील. नेरूळची ४००७०६ मात्र २ × २३ × ३१ × २८१ अशी फुटते. इतक्या मूळ संख्या एकाच परिसरात असणे विलक्षण आहे का? फारसे नाही. चार लाखांच्या आसपास साधारण तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या असते, त्यामुळे पिनकोडच्या यादीत अशा काही आढळणे अपेक्षितच आहे.

कळव्याची हर्षद संख्या

आता कळव्याचा ४००६०५ पाहू. त्याच्या अंकांची बेरीज ४ + ० + ० + ६ + ० + ५, म्हणजे १५. आणि ४००६०५ ला १५ ने निःशेष भाग जातो. भागाकार २६७०७ येतो. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी संख्या, हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले.

कापरेकरांचा उल्लेख केवळ नावापुरता करून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेल्या या गणितज्ञाचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांच्याकडे गणितातील पदव्युत्तर पदवी नव्हती आणि त्यांच्या हयातीत देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम गंभीरपणे घेतले नाही. पण ६१७४ हा त्यांचा स्थिरांक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो : सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास शेवटी हीच संख्या येते. संख्यांच्या ज्या एका प्रकाराला त्यांनी 'डेम्लो' म्हटले, त्याची कल्पना त्यांना तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील ज्या स्थानकात सुचली त्यावरून ते नाव आले, आणि ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. कल्याणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे असे आहे.

तथापि हर्षद असणे आणि मूळ असणे हे एकाच जातीचे गुण नाहीत, आणि या लेखात जो भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच आहे. आपण संख्या दशमान पद्धतीने, दहा चिन्हे वापरून लिहितो. संगणक त्याच संख्या द्विमान पद्धतीने, केवळ ० आणि १ वापरून साठवतो. कळव्याची संख्या द्विमान पद्धतीत ११००००१११००११०१११०१ अशी दिसते. त्यात १ हा अंक अकरा वेळा येतो, म्हणजे अंकांची बेरीज अकरा झाली. पण ४००६०५ ला अकराने भागल्यास बाकी ७ उरते. म्हणजे लिहिण्याची पद्धत बदलताच तिचे हर्षदपण गेले. तिचे मूळ अवयव मात्र ३, ५, १७ आणि १५७१ हेच राहिले, कारण खुर्च्यांच्या रांगा त्या संख्येला कोणत्या लिपीत किंवा पद्धतीत लिहिले आहे यावर अवलंबून नसतात. काही गुण संख्येच्या पोशाखाचे असतात आणि काही तिच्या अंगचे असतात. पोशाखाचे गुणही मनोहर असू शकतात, आणि कापरेकरांनी त्यांतून जन्मभर आनंद घेतला व दिला. परंतु 'या संख्येत विशेष काय आहे' असे कोणी सांगू लागले की ते विशेष कोणत्या जातीचे आहे, हे आधी विचारावे.

सारख्याच दिसणाऱ्या दोन मूळ संख्यांतील भेद

४००६०१ आणि ४००७०३ या दोन्ही मूळ आहेत, दोन्ही विषम आहेत आणि त्यांच्यात केवळ १०२ चे अंतर आहे. तरीही त्यांच्या अंगच्या गुणांत एक खोल भेद आहे आणि तो शाळेतील गणिताने पूर्णपणे समजतो.

समजा, एका चौकातून कोणी सरळ पूर्वेला ३५५ मीटर चालला आणि तिथून उत्तरेला वळून ५२४ मीटर गेला. निघालेल्या जागेपासून त्याचे सरळ अंतर किती? काटकोन त्रिकोणाच्या नियमानुसार ३५५ चा वर्ग १२६०२५ आणि ५२४ चा वर्ग २७४५७६ यांची बेरीज त्या अंतराच्या वर्गाएवढी असते. ती बेरीज बरोबर ४००६०१ येते. म्हणजे ठाण्याची संख्या दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेत लिहिता येते, आणि ती मूळ असल्यामुळे अशी जोडी एकच असते.

वाशीचे काय? तिथे सिडकोने आखलेले सेक्टर आहेत आणि काटकोनात वळणारे रस्ते भरपूर आहेत. ४००७०३ चे वर्गमूळही जवळपास तेवढेच, सुमारे ६३३ आहे. तरीही पूर्ण मीटरांत मोजलेल्या अशा दोन बाजू कधीही सापडणार नाहीत की ज्यांच्या वर्गांची बेरीज ४००७०३ होईल. हे शोधून थकल्यामुळे केलेले विधान नाही, त्याची सिद्धता देता येते. सम संख्येच्या वर्गात २ हा अवयव दोनदा येतो, म्हणून त्याला ४ ने निःशेष भाग जातो. विषम संख्या म्हणजे सम संख्या अधिक १. तिचा वर्ग केल्यास त्या सम संख्येचा वर्ग, तिची दुप्पट आणि १ यांची बेरीज मिळते, आणि त्यांतील पहिल्या दोहोंना ४ ने भाग जात असल्याने बाकी नेहमी १ उरते. ९, २५, ४९ यांवर हे पडताळून पाहता येईल. आता कोणतेही दोन वर्ग एकत्र केले, तर ४ ने भागल्यावर बाकी ० + ०, ० + १ किंवा १ + १, म्हणजे ०, १ किंवा २ यांपैकीच एक असणार. ती ३ असूच शकत नाही. ४ ने भागताना केवळ शेवटचे दोन अंक पाहावे लागतात : ४००७०३ चे शेवटचे दोन अंक ०३ आहेत, म्हणून बाकी ३, आणि तिथेच वाशीची वाट बंद झाली.

उलट बाजू अधिक अवघड आहे. ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, असे फ्रान्समधील पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये लिहिले, आणि त्याची पूर्ण सिद्धता ऑयलर यांनी सुमारे शंभर वर्षांनंतर दिली. म्हणून ३५५ आणि ५२४ हे आकडे सापडण्यापूर्वीच, ४००६०१ च्या शेवटच्या ०१ वरून, असे दोन आकडे असणार हे मला निश्चित ठाऊक होते.

भाग न देता मूळ संख्या कशी ओळखतात?

११५ भागाकार एका संध्याकाळी होतात. पण तीनशे अंकी संख्येसाठी ही पद्धत वापरायची, तर वर्गमूळच दीडशे अंकी येते आणि तेवढे भागाकार जगातील सर्व संगणक मिळूनही पूर्ण करू शकणार नाहीत. मग चार कोटी अंकांविषयी खात्री कशी दिली जाते?

इथेही फर्मा यांचेच एक निरीक्षण उपयोगी पडते. २ पेक्षा मोठी कोणतीही मूळ संख्या घ्यावी, तिच्याहून एकाने कमी इतक्या वेळा २ घेऊन गुणाकार करावा आणि त्याला त्या मूळ संख्येने भागावे. बाकी नेहमी १ येते. ७ साठी सहा वेळा २ घेतल्यास ६४ मिळतात आणि ६४ ला ७ ने भागल्यास बाकी १. आता ९ घेऊ : आठ वेळा २ म्हणजे २५६, आणि त्याला ९ ने भागल्यास बाकी ४. बाकी १ नाही, म्हणून ९ मूळ नाही. ही गोष्ट आपल्याला ९ चा एकही अवयव न शोधता कळली. मोठ्या संख्येसाठी एवढे गुणाकार प्रत्यक्ष करावे लागत नाहीत; दर टप्प्याला वर्ग करून बाकी तेवढी जवळ ठेवली की ४००६०१ चे काम सुमारे वीस टप्प्यांत संपते.

या कसोटीत एक उणीव आहे. ३४१ ही संख्या ११ × ३१ आहे, तरीही ती या कसोटीला उतरते. म्हणून गणितज्ञांनी अधिक कडक कसोट्या तयार केल्या. २ च्या गुणाकारातून १ वजा करून बनणाऱ्या संख्यांसाठी ल्युकास आणि लेमर यांच्या नावाची एक खास कसोटी आहे. ती चुकत नाही, आणि २०२४ च्या संख्येवर अखेर तीच लावण्यात आली. सर्व प्रकारच्या संख्यांसाठी शंका न ठेवणारी आणि अंकांच्या मानाने आटोक्यात राहणारी कसोटी २००२ मध्ये आपल्याच देशात, आयआयटी कानपूरमध्ये मनिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केली. त्या वेळी कयाल आणि सक्सेना यांनी नुकतीच पहिली पदवी घेतली होती.

संख्या मूळ नाही हे कळणे आणि तिचे अवयव कळणे यांत किती अंतर असते, हे एका जुन्या प्रकरणातून दिसते. २ सदुसष्ट वेळा घेऊन केलेल्या गुणाकारातून १ वजा केल्यास १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. ती मूळ नाही, हे एदुआर ल्युकास यांनी १८७६ मध्ये दाखवले. पण अवयव कोणते, हे १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी न्यूयॉर्कमधील सभेत मांडेपर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. हा गुणाकार शाळकरी मूल तासाभरात पडताळू शकते. तो उलटा शोधायला मात्र सत्तावीस वर्षे गेली.

एवढ्या मोठ्या संख्येचा उपयोग काय?

गुणाकार सोपा आणि त्याचे अवयव शोधणे अवघड, या असमतोलावर १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि अ‍ॅडलमन यांनी एक कुलूप तयार केले. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. सुमारे तीनशे अंकी दोन मूळ संख्या गुप्त ठेवायच्या आणि त्यांचा सहाशेहून अधिक अंकी गुणाकार उघड करायचा. कुलूप लावायला गुणाकार पुरतो, उघडायला अवयव लागतात. संकेतस्थळे आणि बँकांच्या व्यवहारांच्या सुरक्षिततेत हे कुलूप अनेक वर्षे वापरले गेले आहे.

यावर कोणी म्हणेल की सगळे जण मूळ संख्या वापरू लागले तर त्या संपतील किंवा दोघांना एकच मिळेल. त्या संपत नाहीत, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे. तीनशे अंकांच्या आसपासही साधारण सातशे संख्यांमागे एक मूळ असते, आणि तीनशे अंकी संख्याच इतक्या आहेत की दोघांनी खरोखर यदृच्छेने निवडल्यास एकच संख्या हाती येण्याची शक्यता विचारात घेण्याजोगी राहत नाही.

मग चार कोटी अंकांची संख्या या कुलपात घालावी का? मुळीच नाही. ती सर्वांना ठाऊक आहे आणि किल्ली सर्वांना ठाऊक असून चालत नाही. शिवाय ती वापरायला असह्य वेळ लागेल. तिचा थेट व्यावहारिक उपयोग आज कोणताही नाही, आणि तो आहे असे भासवणे चुकीचे ठरेल. १९९६ पासून हजारो स्वयंसेवक आपले संगणक या शोधाला देतात, त्यातून वेगवान गुणाकाराच्या पद्धती घासून-पुसून निघतात आणि यंत्रांतील दोष उघड होतात, हा जोडीचा लाभ आहे. मूळ प्रेरणा मात्र जिज्ञासेचीच आहे. २ च्या गुणाकारातून १ वजा करून बनणाऱ्या या जातीच्या मूळ संख्या २०२४ पर्यंत ५२ सापडल्या होत्या, आणि त्या अनंत आहेत की कुठेतरी थांबतात, हे आजही कोणी सिद्ध केलेले नाही.

अणूंच्या पातळीवरील नियमांवर चालणारा क्वांटम संगणक आल्यावर हे सारे कोसळेल, ही भीती शेवटी उरते आणि ती निराधार नाही. पुरेसा मोठा असा संगणक बनला तर तो अवयव झपाट्याने शोधू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. त्यामुळे अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये, अवयव शोधण्याच्या अवघडपणावर न विसंबणाऱ्या नव्या कुलपांची पहिली तीन मानके प्रसिद्ध केली, आणि जुनी कुलपे टप्प्याटप्प्याने बदलली जात आहेत. सामान्य संगणकांनी २०२० मध्ये २५० अंकी आरएसए संख्या फोडली; सहाशेहून अधिक अंकांची, आज वापरात असलेली संख्या या मार्गाने फोडण्यापासून ते अद्याप फार दूर आहेत.